सॅमन वाचवणारे आदिवासी नेमकं कुणाला शिकवतात?

'आदिवासी प्रबोधन' म्हटलं की आपल्यापुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. पाड्यावर जीप येते, फ्लेक्स लागतो, शहरातून आलेलं कुणीतरी माइक हातात घेतं आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेल्या लोकांना जंगल कसं जपायचं ते सांगतं. चहा होतो, फोटो निघतात, जीप परत जाते. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं वॉशिंग्टन वेगळं, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला) गेली पन्नास वर्षं हाच कार्यक्रम उलट्या दिशेने चालला आहे. तिथे माइक आदिवासींच्या हातात असतो. समोर बसतात शेतकरी, रस्ते खात्याचे इंजिनिअर, लाकूड कंपन्यांचे व्यवस्थापक, शाळेतली मुलं आणि प्रसंगी न्यायाधीशसुद्धा. विषय एकच: सॅमन मासा परत यायला हवा असेल तर नदी कशी असायला हवी.

हे आदिवासी नेमकं काय शिकवतात आणि इतर लोक त्यांचं ऐकून का घेतात, हे दोन्ही प्रश्न रंजक आहेत. आधी माशापासून सुरुवात करू.

माशाला काय काय लागतं

अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर सॅमनच्या पाच मुख्य जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम. (आपल्याकडे हॉटेलात 'इंडियन सॅमन' म्हणून मिळणारा रावस वेगळ्याच कुळातला.) हे मासे गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात येतात, बहुतेक वेळा आपल्या जन्माच्याच ओढ्यात. कोकणातल्या वाचकाला हे फार फोड करून सांगायला नको. पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाच्या उलट उड्या घेत भातखाचरांत चढतात, तेही अंड्यांसाठीच. सॅमनचं अंतर मात्र अवाढव्य असतं. आयडाहो राज्यातल्या रेडफिश तलावाचा सॉकाय समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत आणि जवळजवळ दोन हजार मीटर उंचीवर पोचतो. नदीत शिरल्यावर तो काही खात नाही. अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास होतो आणि अंडी घालून झाली की मासा मरतो.

मादी शेपटीने नदीतळाच्या गोट्यांमध्ये खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. हिवाळाभर ती अंडी दगडांखाली असतात. फटींमधून थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी सतत वाहत राहिलं तरच ती जगतात. वरच्या डोंगरात जंगलतोड झाली आणि बारीक गाळ खाली आला की फटी बुजतात आणि अंडी जागच्या जागी गुदमरतात. नदी वरून अगदी नितळ दिसत असेल, तरीही.

पिल्लं बाहेर आल्यावर जातीजातीच्या तऱ्हा वेगळ्या. चम आणि पिंक थोड्याच दिवसांत खाडीकडे निघतात. कोहोचं पिल्लू मात्र वर्षभर किंवा त्याहून जास्त ओढ्यातच राहतं. हिवाळ्यात पूर येतो तेव्हा त्याला वाहून न जाण्यासाठी संथ पाणी हवं: बाजूचा फाटा, पडलेल्या झाडामागचा डोह, पाणथळ. उन्हाळ्यात सावली हवी, कारण पाणी वीस अंश सेल्सिअसच्या वर गेलं की सॅमनचे हाल सुरू होतात. २०१५ च्या उन्हाळ्यात कोलंबिया नदी इतकी तापली की सुमारे अडीच लाख सॉकाय अंडी घालण्याआधीच मेले. पुढे खाडी लागते. तिथे पिल्लांचं शरीर खाऱ्या पाण्याला सरावतं आणि समुद्रात टिकण्याइतकं वजन धरतं. काही वर्षांनी तोच मासा जन्माच्या ओढ्याचा वास ओळखत परत येतो. मेल्यावर त्याच्या कुजलेल्या शरीरातून समुद्रातला नायट्रोजन काठावरच्या झाडांना आणि पाण्यातल्या किड्यांना मिळतो, आणि तेच किडे खाऊन पुढच्या पिढीची पिल्लं वाढतात.

थोडक्यात, नुसती स्वच्छ नदी सॅमनला पुरत नाही. त्याला पसारा लागतो. आडवी पडलेली झाडं, वळणं, फाटे, डबकी, दलदल. लोकांना पटवायला सगळ्यात जड जाते ती हीच गोष्ट, कारण नीट बांधून काढलेली, कचरा उचललेली, सरळ वाहणारी नदी आपल्याला निरोगी वाटते. सरकारी खात्यांचाही असाच समज होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर माशांची वाट मोकळी करायची म्हणून ओढ्यांतले ओंडके मुद्दाम ओढून काढले गेले. आज त्याच भागात क्रेन लावून, कधी हेलिकॉप्टरने, ओंडके परत आणून टाकतात. नूकसॅक नदीवर लमी जमातीने असे ओंडक्यांचे ढीग मोजूनमापून, पुराचा जोर धरून ठेवतील अशा बेताने रचले आहेत. सॅमनच्या अधिवासावर खर्च होणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा हा आधीच्या पिढीची साफसफाई उलटवण्याचा आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

त्यांचं ऐकून का घ्यायचं?

निव्वळ पारंपरिक ज्ञानाचा आदर म्हणून कुणी रस्ते बदलत नाही की धरणं पाडत नाही. या शिकवणीमागे कायद्याचं बळ आहे, आणि ते समजल्याशिवाय बाकीची गोष्ट गोड गोड वाटत राहते.

१८५४-५५ मध्ये वॉशिंग्टन प्रांताचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने तिथल्या जमातींशी एकामागून एक करार केले. पहिला मेडिसिन क्रीकचा, २६ डिसेंबर १८५४ चा. जमातींनी जवळजवळ सगळी जमीन सोडून दिली, पण एक गोष्ट हातची सोडली नाही: आपल्या नेहमीच्या, सवयीच्या सगळ्या जागी मासे पकडण्याचा हक्क, इतर नागरिकांच्या बरोबरीने. पुढची शंभर वर्षं राज्याने हे कलम कागदावरच ठेवलं. मासे घटायला लागले तेव्हा लाकूडतोड, धरणं आणि मोठ्या व्यापारी बोटी राहिल्या बाजूला, आणि नदीत जाळं टाकणारे आदिवासी पकडले जाऊ लागले. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर यांना पहिली अटक झाली १९४५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी. त्यानंतर पन्नासाहून अधिक वेळा. १९६० च्या दशकात नदीकाठी सत्याग्रह, लाठ्या, अश्रुधूर असं सगळं झालं.

शेवटी खटला संघराज्याच्या न्यायालयात गेला. तिथे जमातींतल्या वृद्धांनी साक्षी दिल्या: कुठे जाळं लावायचो, कोणता मासा कधी यायचा, करार करताना आमच्या आजोबांना काय सांगितलं गेलं होतं. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट कुणी क्रांतिकारक नव्हते, उलट सनातनी वळणाचेच समजले जात. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांनी निकाल दिला: पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा करारातल्या जमातींचा, आणि माशांच्या व्यवस्थापनात त्या राज्याच्या बरोबरीच्या भागीदार. तोवर त्यांच्या वाट्याला जेमतेम पाच टक्के मासे येत होते. गोऱ्या मच्छीमारांनी बोल्ट यांचे पुतळे जाळले, पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला.

निम्मा वाटा मिळाला खरा, पण कशाचा? नदीत मासाच नसेल तर शून्याचा निम्मा शून्यच. त्यामुळे जमातींनी जीवशास्त्रज्ञ, जलतज्ज्ञ, नकाशे करणारे नेमले. त्यांच्या वीस जमातींचा एक सामायिक मत्स्य आयोग उभा राहिला आणि बिली फ्रँक तीस वर्षांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष होते. ज्या खात्याचे लोक त्यांना फरफटत नेत असत, त्याच खात्याच्या अधिकाऱ्यांशेजारी बसून ते माशांची आकडेमोड करू लागले. १९८७ मध्ये लाकूड कंपन्या, राज्य सरकार, पर्यावरणवादी आणि जमाती यांच्यात जंगलातल्या ओढ्यांबाबत समझोता झाला. कोर्टात पुन्हा जाता आलं असतं, पण समोरच्याला नदीवर नेऊन दाखवण्यावर फ्रँक यांचा भर होता. २०१४ मध्ये ते गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं.

शेतकरी, शेण आणि बीव्हर

नदीच्या खालच्या अंगाला सपाट जमीन असते आणि ती बहुतेक खासगी असते. तिथे आदिवासींचा हक्क मासे पकडण्याचा, मालकी दुसऱ्याची. काठावर तीस-चाळीस मीटर रुंद पट्ट्यात झाडं लावा म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला तेवढी जमीन सोड म्हणणं. यावर नुसतं प्रबोधन चालत नाही. मोबदला लागतो. संघराज्य आणि राज्य यांची एक योजना अशा पट्ट्यासाठी शेतकऱ्याला दरवर्षी भाडं देते आणि लागवडीचा खर्चही उचलते. घरोघरी जाऊन ही योजना समजावणं, अर्ज भरायला मदत करणं, रोपं लावून देणं, मग दोन-तीन वर्षं तण काढणं, ही कामं बऱ्याच ठिकाणी जमातींची माणसं करतात. यातलं तण काढणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ब्लॅकबेरीच्या परदेशी काटेरी वेली दोन हंगामांत कोवळी रोपं गिळून टाकतात.

टुलालिप जमातीने एका ठिकाणी वेगळीच युक्ती केली. स्नोहोमिश खोऱ्यात दुधाचे मोठे गोठे आहेत आणि त्यांचं शेण-मूत पावसात ओढ्यात उतरतं. तक्रारी, दंड, भांडणं हे सगळं होऊन गेलं होतं. मग जमात, शेतकऱ्यांची संघटना आणि सॅमनसाठी काम करणारी एक संस्था यांनी मिळून मन्‍रो गावाजवळ मोठं गोबर गॅस संयंत्र उभारलं. २००८ च्या सुमारास ते सुरू झालं. गोठ्यांतलं शेण तिथे जातं, त्यातून वीज होते, उरलेली मळी खत म्हणून शेतात परत येते. शेतकऱ्याची शेणाची डोकेदुखी गेली आणि ओढ्यात घाण जाणं कमी झालं. गोठेवाल्यांना माशाचं महत्त्व पटलं की नाही, हा प्रश्न त्यात गौण आहे.

याच जमातीचा दुसरा उद्योग बीव्हरचा. बीव्हर हा दातांनी झाडं पाडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी. सखल भागात तो लोकांची आवारं आणि रस्ते बुडवतो, म्हणून पूर्वी त्याला सर्रास मारत. पण डोंगरात त्याच्या बांधांमागे थंड पाण्याची तळी तयार होतात आणि कोहोच्या पिल्लांना नेमकी तीच हवी असतात. शिवाय उन्हाळ्यात ओढा आटत नाही. २०१४ पासून टुलालिप जमात त्रासदायक बीव्हर पिंजऱ्यात पकडून, शक्यतो कुटुंबासकट, डोंगरातल्या सरकारी जंगलात नेऊन सोडते. तेव्हाचा राज्याचा कायदा पश्चिम भागात बीव्हर सोडू देत नव्हता. जमातीने कराराच्या अधिकारात काम सुरू केलं, आणि कायदा मागाहून बदलला. घरमालकाला सांगायचं एवढंच असतं: तुझी कटकट आम्ही नेतो, तू मारू नकोस.

रस्त्याखालची मोरी

आता सगळ्यात नीरस वाटणाऱ्या विषयाकडे येऊ, कारण खरी लढाई तिथे झाली.

ओढ्यावरून रस्ता न्यायचा असेल तर स्वस्त उपाय म्हणजे मोरी: एक पाइप टाकायचा आणि वर भराव. पाणी जातं, गाड्या जातात. मासा जात नाही. पाइप अरुंद असतो म्हणून त्यात पाण्याला जोर येतो. आत गोटे नसतात, त्यामुळे माशाला दम खायला आडोसा नाही. खालच्या तोंडाशी पाणी जोरात पडून तळ खरवडत जातं आणि काही वर्षांत पाइपचं तोंड हवेत लटकू लागतं. मोठा मासा कदाचित उडी मारेल. बोटभर पिल्लू मारू शकत नाही. असा एक पाइप वरचे कित्येक किलोमीटर चांगले ओढे माशांसाठी बंद करून टाकतो, आणि गाडीतून जाणाऱ्याला खाली ओढा आहे हेही कळत नाही.

२००१ मध्ये जमाती पुन्हा न्यायालयात गेल्या. राज्याच्या रस्त्यांखालच्या अशा मोऱ्या हा कराराचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. राज्याचा युक्तिवाद असा की करारात मासे पकडायचा हक्क आहे, मासे असतील याची हमी नाही. हा युक्तिवाद वाचताना हसू येतं, पण तो गंभीरपणे आणि शेवटच्या पायरीपर्यंत मांडला गेला. २००७ मध्ये न्यायाधीश रिकार्डो मार्टिनेझ यांनी जमातींच्या बाजूने निकाल दिला. २०१३ मध्ये मोऱ्या बदलण्याचा आदेश निघाला, आणि अडलेल्या अधिवासापैकी ९० टक्के मोकळा करायला २०३० ही मुदत पडली. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली, म्हणून खालचा निकाल टिकला.

खर्च काही अब्ज डॉलरांचा आहे. त्यामुळे एवढासा ओढा आणि एवढे पैसे, ही कुरकुर प्रत्येक गावात ऐकू येते. त्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. राज्याने आपली मोरी बदलली आणि दोनशे मीटर वर तालुक्याची किंवा खासगी मोरी तशीच राहिली, तर मासा तिथे अडतो. निकाल फक्त राज्याच्या मोऱ्यांना लागू आहे. म्हणून जमातींचे तंत्रज्ञ उरलेल्या मालकांकडे जातात, आणि तिथे कोर्टाचा कागद चालत नाही, बोलणंच चालतं. नव्या बांधणीचा नियम समजायला सोपा आहे: खालचा ओढा तुडुंब भरून वाहतो तेव्हा जेवढा रुंद असतो त्याहून वरचा पूल रुंद हवा, आणि खाली खरे गोटे हवेत. ओढ्याला रस्ता आहे हे कळताच कामा नये. याचा एक फायदा शेतकरी आणि गावकरी लगेच मान्य करतात: मोठ्या पुरात असा पूल तुंबत नाही आणि रस्ता वाहून जात नाही.

एल्वा

ऑलिम्पिक द्वीपकल्पावरची एल्वा नदी लांबीला ७२ किलोमीटर. तिच्या मुखाशी लोअर एल्वा क्लॅलम जमात राहते. १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या एल्वा धरणाने मुखापासून जेमतेम आठ किलोमीटरवर नदी अडवली, आणि १९२७ मध्ये वर ग्लाइन्स कॅन्यन हे ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण आलं. धरणात माशांसाठी वाट ठेवायची असा राज्याचा कायदा तेव्हाही होता. ती ठेवली गेली नाही. बदल्यात एक उबवणी केंद्र काढलं आणि थोड्याच वर्षांत तेही बंद झालं. वीज जायची ती प्रामुख्याने पोर्ट एंजेलिस गावातल्या कागद गिरणीला. बांधकाम चालू असताना १९१२ मध्ये धरणाचा तळ फुटून लोंढा जमातीच्या वस्तीवर आला होता. धरण आणि भीती दोन्ही शेजारी घेऊन त्या लोकांनी पुढे शतक काढलं.

१९८० च्या दशकात धरणांच्या परवान्याचा प्रश्न निघाला तेव्हा जमातीने हरकत घेतली. धरण पाडा ही मागणी तेव्हा वेडेपणाची वाटे. गावकऱ्यांच्या शंका खऱ्या होत्या: प्यायच्या पाण्याचं काय, गिरणीचं काय, तळ्यात साठलेला प्रचंड गाळ कुठे जाणार? १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) नदी पुनरुज्जीवनाचा कायदा केला, पण प्रत्यक्ष पाडकाम सुरू व्हायला सप्टेंबर २०११ उजाडलं. मधली एकोणीस वर्षं गेली ती पैसे जमवण्यात, शुद्धीकरण केंद्रं आणि पूरभिंती बांधण्यात, आणि बैठकांत. मला या सगळ्या कहाणीत त्या बैठकांचं महत्त्व पाडकामापेक्षा जास्त वाटतं. गावाला तळं प्रिय होतं. तिथे लोकांनी बोटी चालवल्या होत्या, लग्नाचे फोटो काढले होते. आपलं तळं हे दुसऱ्या कुणाचं बुडालेलं घर आहे, हे एका सभेत कुणाला पटत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये ग्लाइन्स कॅन्यनचा शेवटचा भाग गेला. गाळ एकदम येऊ नये म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने उतरवलं होतं, तरी काही काळ नदी चॉकलेटी वाहिली. उघड्या पडलेल्या तळ्याच्या तळावर जमातीच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांनी स्थानिक झाडाझुडपांची काही लाख रोपं लावली आणि बिया फेकल्या. मुखाशी वाळू येऊन किनारा पुन्हा वाढला. २०१२ मध्ये, खालचं तळं ओसरल्यावर, खळग्यांचा एक खडक वर आला. क्लॅलम लोकांची निर्मिती तिथे झाली असं जुनी माणसं सांगत असत, आणि ऐकणारे ते दंतकथा समजून सोडून देत.

मासे कसे परतले? सगळे सारखे नाही. कोहोने चांगला जोर धरला. सगळ्यात अनपेक्षित होतं स्टीलहेडचं येणं. हा सॅमनच्याच कुळातला समुद्रात जाणारा ट्राउट. धरणांच्या वर अडकलेले ट्राउट शंभर वर्षं नदीतच पिढ्या काढत होते. वाट मोकळी होताच त्यांच्यातले काही समुद्राकडे गेले आणि उन्हाळी स्टीलहेड होऊन परत आले. चिनूक मात्र अजून बऱ्याच अंशी उबवणी केंद्रावर अवलंबून आहे. २०११ पासून नदीत मासेमारी बंद होती, आणि ती बंदी जमातीने स्वतःवरही लावून घेतली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा थोडे कोहो पकडायला परवानगी मिळाली, विधीसाठी आणि घरच्या जेवणासाठी. ज्यांच्या नावाने करार झाला, त्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी आपल्या नदीत कधी मासा पकडला नव्हता, तो तेव्हा पकडला.

अशीच गोष्ट दक्षिणेला कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या सीमेवर क्लॅमथ नदीची. २००२ मध्ये तिथे कमी आणि गरम पाण्यात हजारो सॅमन मेले. काठावर सडणाऱ्या माशांचं ते दृश्य पाहिलेली युरोक, करुक आणि इतर जमातींची पोरं पुढे आंदोलनात उतरली. २०२४ मध्ये तिथल्या चार धरणांपैकी शेवटचं गेलं आणि काही दिवसांतच चिनूक वरच्या भागात दिसले. २०२५ च्या उन्हाळ्यात जमातींच्या तरुणांनी उगमाकडून समुद्रापर्यंत ती नदी कयाकमधून उतरून पार केली.

शाळेत

वॉशिंग्टनमधल्या अनेक शाळांत हिवाळ्यात एक थंड पाण्याची टाकी येते. उबवणी केंद्रातून सॅमनची अंडी मिळतात. मुलं रोज तापमान बघतात, पोटाशी पिवळी पिशवी लटकलेली पिल्लं बघतात आणि वसंतात ती ओढ्यात सोडतात. निस्क्वाली खोऱ्यातल्या मुलांना याहून दणकट काम असतं: उबवणी केंद्रात मेलेले मोठे सॅमन हातमोजे घालून ओढ्यात फेकायचे, म्हणजे पूर्वी नैसर्गिकपणे मिळायचं ते खत ओढ्याला मिळतं. वास भयंकर येतो. नायट्रोजनचं चक्र पुस्तकात वाचून विसरणारं पोर हा धडा जन्मात विसरत नसावं.

टाकीबद्दल माझी एक शंका आहे. अंडी उबवली, पिल्लं सोडली, मासा वाचला, असा समज तिच्यातून सहज होतो. पण अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षं अब्जावधी पिल्लं अशी सोडली गेली आणि तरीही सॅमन घटत गेले, कारण ओढेच बिघडत होते. शिवाय केंद्रात वाढलेले मासे रानटी माशांत मिसळले की पुढची पिढी कमकुवत होते, असं अनेक शास्त्रज्ञ सांगतात. एल्वावर जमातीच्या केंद्राविरुद्ध यावरून खटलाही झाला. जमातींचं उत्तर असं की नदी पूर्ण बरी व्हायला पिढ्या लागतील, तोवर आमच्या ताटात आणि विधीत मासा नसेल तर करार कशासाठी केला? दोन्ही बाजूंत दम आहे. मुलांना टाकी दाखवून झाली की गाळाने बुजलेला ओढाही दाखवावा, एवढंच.

जमातींच्या स्वतःच्या मुलांचं शिक्षण यापेक्षा वेगळं असतं. हंगामातला पहिला सॅमन पाहुण्यासारखा वाजतगाजत आणायचा, सगळ्यांनी वाटून खायचा आणि हाडं पाण्यात परत सोडायची, हा विधी टुलालिप लोकांनी १९७० च्या दशकात पुन्हा सुरू केला. त्याआधीच्या काही पिढ्यांना वसतिगृह शाळांत आपली भाषा बोलल्याबद्दल मार बसला होता. टुलालिपचेच जॉन मॅकॉय राज्याच्या विधिमंडळात होते. त्यांच्या प्रयत्नाने २००५ मध्ये शाळांत जमातींचा इतिहास शिकवावा अशी शिफारस करणारा कायदा झाला. शिफारस फारशी कुणी मनावर घेतली नाही, तेव्हा २०१५ मध्ये तो सक्तीचा झाला. बोल्ट निकाल आज तिथे त्या अभ्यासक्रमातून मुलांपर्यंत पोचतो.

टायर, आणि सिएटलची मराठी घरं

सिएटल परिसरात शहरातल्या ओढ्यांत एक कोडं बरीच वर्षं होतं. ओढे सुधारले, झाडं लावली, कोहो परत आले, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर काही तासांत गरगरत, तोंड उघडं टाकत मेले. पोटात अंडी तशीच. सुक्वामिश जमातीच्या उबवणी केंद्रात शास्त्रज्ञांनी कोहोंना रस्त्यावरचं पावसाचं पाणी देऊन पाहिलं: मासे मेले. तेच पाणी माती, वाळू आणि कंपोस्टच्या थरांतून गाळून दिलं: मासे जगले. नेमकं विष कोणतं ते डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. टायर तडकू नये म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची क्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होतं, आणि टायरच्या झिजेबरोबर ते रस्त्यावर आणि पावसाबरोबर ओढ्यात जातं. २०२३ मध्ये युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लॅलम आणि पुयालप या जमातींनी ते रसायन बंद करावं म्हणून संघराज्याच्या पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला, आणि संस्थेने तो विचारासाठी स्वीकारला. टायर सुरक्षित ठेवेल असा पर्याय अजून शोधला जातो आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण सिएटलजवळच्या बेलव्ह्यू, रेडमंड, समॅमिश किंवा इसाक्वाला राहत असतील. ती सगळी वस्ती सॅमनच्या ओढ्यांच्या उतारावर आहे. तिथल्या रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारं पाणी बहुतेक ठिकाणी शुद्धीकरण केंद्रात न जाता थेट ओढ्यात जातं. म्हणून घरापुढे गाडी धुण्याऐवजी धुलाई केंद्रात न्यावी, तिथलं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जातं. छपराचं पाणी फरशीवर न सोडता मातीत मुरू द्यावं. इसाक्वाच्या उबवणी केंद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मासे चढताना काठावरून दिसतात. सिएटलमधल्या बॅलर्डच्या जलपाशाशेजारी (बोटींना एका पातळीच्या पाण्यातून दुसऱ्या पातळीवर नेणारं दारांचं बांधकाम) काचेतून माशांचा जिना दिसतो: जुलैत सॉकाय, ऑगस्ट-सप्टेंबरात चिनूक, त्यानंतर कोहो. तिथे सॉकायची मोजणी मकलशूट जमात राज्याबरोबर करते. शरद ऋतूत मुलांना आणि कुत्र्यांना उथळ, गोट्यांच्या पाण्यात उतरू देऊ नये. गोटे नुकतेच उलटल्यासारखे फिकट, स्वच्छ दिसत असतील तर त्याखाली अंडी असण्याची शक्यता मोठी.